किलोमागे किती

आमच्या मेहुण्यांनी आजवर एकाही माणसाकडे नुसतं बघितलेलं नाही. समोर गावचा सरपंच येवो, लग्नातली विहीण येवो की दारात पोस्टमन येवो, त्यांची नजर आधी त्याच्या छातीवर जाते, तिथून पोटावर उतरते, एकदा पायांना शिवून परत वर येते आणि ओठ जरासे हलतात. नवख्या माणसाला वाटतं, गृहस्थ मनातल्या मनात देवाचं नाव घेतायत. ते आकडा घेत असतात. "बहात्तर," असं ते हळूच पुटपुटतात, किंवा "चौऱ्याऐंशी, पण जेवून आल्यात," आणि त्यानंतर हात जोडून नमस्कार करतात.

मेहुणे म्हणजे माझ्या बायकोचे थोरले भाऊ. सरकारी जनावरांचे डॉक्टर. मूळचे कर्जतकडचे, पण नोकरीतली सहा-सात वर्षं त्यांनी आमच्या गावात काढली. आमचं गाव श्रीगोंदा तालुक्यात, साखर कारखान्याच्या अलीकडे, कालव्याच्या कडेला. मी तिथल्या शाळेत गणित शिकवतो. त्यांची बदली आमच्याकडे झाली तेव्हा वहिनी मुलींच्या शाळेसाठी नगरलाच राहिल्या आणि मेहुणे एक लोखंडी पेटी, दोन सदरे आणि शिंप्याकडे असते तशी एक लांबलचक मोजपट्टी घेऊन आमच्या पुढच्या खोलीत राहायला आले. सदरे दोन का, असं बायकोनं विचारलं, तर म्हणाले, एक अंगावर, एक दोरीवर, तिसऱ्याचा काय उपयोग. मोजपट्ट्या मात्र पेटीत आणखी चार निघाल्या.

या वजनाच्या वेडामागे त्यांचं शास्त्र होतं, आणि ते खोटं नव्हतं. औषधाचा डोस वजनावर ठरतो. किलोमागे इतकं औषध, असं पुस्तकात लिहिलेलं असतं. पण खेड्यात म्हशीचं वजन करायला काटा आणायचा कुठून? तेव्हा छातीचा घेर मोजायचा, अंगाची लांबी मोजायची, घेराला घेरानं गुणायचं, लांबीनं गुणायचं, एका ठरावीक आकड्यानं भागायचं, की वजन निघतं. मेहुण्यांनी हे इतक्या वेळा केलं होतं की पुढे पुढे त्यांना पट्टीची गरजच उरली नाही. तरी ते पट्टी लावायचेच, स्वतःची परीक्षा घ्यायला. शेजारपाजारचे लोक त्यांना म्हणत, "डॉक्टर, लावा की एक सुई, मोजमाप कशाला?" त्यावर त्यांचं उत्तर ठरलेलं. "औषध जनावराला द्यायचं नसतं बाबा, किलोला द्यायचं असतं." हे वाक्य ऐकून लोक मान डोलवत आणि घरी जाऊन बायकोला विचारत की म्हणजे काय.

जनावरांपुरतं हे ठीक होतं. पण नजरेला कोण आवरणार? मेहुण्यांच्या लग्नाची हकिगत आमच्या सासरी अजून सांगतात. मुलगी बघायला जाताना चुलत्यांनी त्यांना बजावलं होतं की काही झालं तरी तोंड उघडायचं नाही, विचारलं तरच बोलायचं. मुलगी पोह्यांच्या बशा घेऊन बाहेर आली आणि मेहुण्यांच्या तोंडून आपोआप निघून गेलं, "अठ्ठावन्न." चुलत्यांना जोराचा खोकला आला. मुलीच्या वडलांना वाटलं, पाव्हणे मुलीचे दहावीचे टक्के सांगतायत, म्हणून ते घाईघाईनं म्हणाले की नाही नाही, चौसष्ट होते. मुलीनं मात्र बशी मेहुण्यांच्या समोर ठेवली आणि शांतपणे सांगितलं, "साठ. परवाच दवाखान्यात केलंय." मेहुणे जरा विचारात पडले आणि म्हणाले, दोन किलोचा फरक साडीचा असेल. "साडी धरून बासष्ट," मुलगी म्हणाली आणि आत गेली. बाहेर येऊन मेहुण्यांनी चपलासुद्धा घातल्या नाहीत. अनवाणी अंगणात उभं राहून चुलत्यांना एवढंच म्हणाले, "हीच." त्याच आमच्या वहिनी. त्यांच्यासमोर मेहुण्यांनी पुन्हा कधी अंदाज सांगितला नाही, विचारून घेतला.

कारखान्याच्या काट्यावर म्हैस नेण्याचा पराक्रमही त्यांचाच. आमच्या गल्लीतल्या एका शेतकऱ्याची म्हैस त्यांनी चारशे ऐंशीची ठरवली. मालकाला तो अपमान वाटला. तो म्हणाला, माझी म्हैस पाचशे वीसच्या खाली असेल तर मिशी काढीन. तीन दिवस या दोघांचं बोलणं याच विषयावर चाललं होतं, आणि म्हशीला कसलं दुखणं होतं हे दोघंही विसरून गेले होते. शेवटी मेहुणे म्हणाले, चला, कारखान्यावर मोजू. हंगाम चालू होता. उसानं भरलेले ट्रॅक्टर आणि बैलगाड्या यांची रांग फाट्यापर्यंत लागलेली, आणि त्या रांगेत दोन ट्रॉल्यांच्या मधोमध दावं धरून मेहुणे, मालक आणि म्हैस. मीही होतो, कारण गणिताचा माणूस साक्षीला पाहिजे असं दोघांचं एकमत झालं होतं. दोन तासांनी म्हशीचा नंबर आला. ती लोखंडी काट्यावर अशी उभी राहिली की जणू दर साल येते. काट्यावरचा क्लार्क तिच्याकडे बघून हसला नाही, दचकला नाही. त्याच्या मशीनला सगळे रकाने भरल्याशिवाय पावती काढता येत नव्हती, एवढीच त्याची अडचण होती. त्यानं सवयीनं विचारलं, "लागण का खोडवा?" म्हणजे नव्या लागवडीचा ऊस की तोडलेल्या उसाला फुटलेला. मेहुणे तितक्याच गंभीरपणे म्हणाले, "तिसरं वेत हाय, तीनदा व्यालीय." क्लार्कनं खोडवा लिहिलं. म्हैस बरोबर पाचशे भरली. म्हणजे दोघंही वीस-वीस किलोनं चुकले होते, आणि मिशी वाचली. मेहुणे मात्र दोन दिवस जेवले नाहीत नीट. तिसऱ्या दिवशी सकाळी दात घासता घासता ते एकदम थांबले आणि मला म्हणाले, "दाजी, वाटंत कालव्यावर पाणी प्याली हुती ती. वीस लिटर म्हंजी वीस किलो पान्याचंच." मग चार भाकऱ्या खाल्ल्या.

पण वजन हे निमित्त. त्यांच्या मनात खरं घर केलं होतं ते डोस आणि परिणाम यांच्या नात्यानं. आमच्याकडच्या शेतकऱ्याचा साधा विश्वास असतो की एका बाटलीनं एक दिवसात बरं वाटत असेल तर दोन बाटल्यांनी अर्ध्या दिवसात वाटेल. "डबल मारा डॉक्टर," हे वाक्य मेहुण्यांनी रोज दहा वेळा ऐकलं असेल, आणि दहाही वेळा त्यांचा चेहरा कुणीतरी शिवी दिल्यासारखा व्हायचा. एकदा त्यांनी सगळ्या गावाला एकदाच काय ते समजवायचं ठरवलं. जखमेला लावायचं जांभळं औषध असतं, ते कापसाच्या बोळ्यावर घेऊन दवाखान्याच्या पुढच्या भिंतीवर त्यांनी हातभर उंचीची एक वळणदार रेघ काढली. खाली थोडी आडवी, मग तिरकी वर चढत गेलेली, मग माथ्यावर परत आडवी. सुरुवातीला थोडं औषध दिलं तर काहीच होत नाही, ही खालची सपाटी. मग वाढवत जाल तसा गुण वाढतो, हा चढ. आणि एकदा माथ्यावर पोचलं की आणखी कितीही ओता, गुण तेवढाच. वाढतो तो अपाय. हे सगळं त्यांनी जमलेल्या पंधरा-वीस माणसांना तासभर समजावलं. माणसं समाधानानं घरी गेली. चार दिवसांनी नागपंचमी होती. सकाळी मेहुणे दवाखाना उघडायला गेले तर त्या रेघेला हळदकुंकू वाहिलेलं, खाली द्रोणात दूध, लाह्या, आणि गावातल्या सात-आठ बायका हात जोडून उभ्या. मी म्हटलं, आता पुसा ती. ते भिंतीकडे बघत म्हणाले, "राहू द्या. डोस पाळला न्हाई तर हा बी चावतोच."

त्यांचं शास्त्र लोकांच्या डोक्यात शिरतच नव्हतं असं नाही. कधी कधी फार खोल शिरायचं. आमच्या शेजारी एक म्हातारबाबा राहायचे, सत्तरीचे, गुडघ्यांनी बेजार. त्यांच्या म्हशीला मेहुण्यांनी कॅल्शियमचं औषध पाजायला दिलं होतं आणि किलोमागे किती तेही नेहमीप्रमाणे समजावून सांगितलं होतं. आठवड्यानं म्हातारबाबा आले आणि सांगायला लागले की गुडघ्यांना जरा बरं वाटतंय. कशानं, तर त्याच औषधानं. त्यांनी विचार केला होता, म्हैस साडेचारशेची, आपण पंचेचाळीसचे, म्हणजे आपण म्हशीचा दहावा हिस्सा. तिला शंभर, आपल्याला दहा. रोज मापानं घेत होते, एक थेंब जास्त नाही. मेहुण्यांना रागावू की मिठी मारू असं झालं. आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी त्यांचं म्हणणं तंतोतंत पाळलं होतं. "हिशोब बरोबर हाय बाबा," ते शेवटी म्हणाले, "जनावर चुकलं." आणि त्यांना मोटरसायकलवर बसवून स्वतः श्रीगोंद्याला माणसांच्या डॉक्टरकडे घेऊन गेले. तिथं त्यांनी डॉक्टरला न विचारताच म्हातारबाबांचं वजन सांगितलं, आणि निघताना डॉक्टरचंही सांगितलं.

घरातही हेच. माझी बायको मला बोलायला लागली की मेहुणे वर्तमानपत्र खाली करून घड्याळाकडे बघायचे. दुसऱ्या मिनिटाला तिला सांगायचे, "अगं, झाला परिणाम. दाजींच्या तोंडाकडं बघ, आता वाढणार न्हाई." ती थांबायची नाही. मग माझ्याकडे वळून हळूच म्हणायचे, "दाजी, ही वरची सपाटी. बसून ऱ्हावा."

तर अशा या माणसावर एका रविवारी जी वेळ आली ती मी सांगतो.

हंगाम ऐन भरात होता. पाथर्डीकडून ऊस तोडायला आलेली कुटुंबं कालव्याजवळच्या पडीक रानात उतरली होती. पाचटाच्या, म्हणजे उसाच्या वाळल्या पाल्याच्या, आणि बांबूच्या कोप्या उभारून ती माणसं तीन-चार महिने तिथंच राहतात. पहाटे ऊस तोडायचा, गाडी भरायची, कारखान्यावर न्यायची. त्यांचे बैल हेच त्यांचे हातपाय. त्यातल्याच एका जोडप्याचा नवरा सकाळी दहा-अकराच्या सुमाराला कुणाच्या तरी मोटरसायकलवर मागं बसून आमच्या दारात आला. उंच, वाळलेला माणूस. त्याला नीट बोलता येईना. एवढंच म्हणाला, "सायब, बैल पडलाय. फेस टाकतोय." मेहुण्यांनी हातातला चहा तसाच खाली ठेवला. मला म्हणाले, पेटी घ्या आणि मागं बसा.

बैल गाडीशेजारी आडवा पडला होता. तोंडातून लाळेच्या तारा लोंबत होत्या, अंगावरचं मांस जागोजाग थरथरत होतं आणि श्वास कसा, तर भात्यात पाणी गेल्यासारखा. त्या माणसाची बायको त्याचं डोकं मांडीवर घेऊन गोणपाटानं वारा घालत होती. मेहुण्यांनी बैलाची पापणी वर केली. बाहुली बारीक होऊन रेघेसारखी झाली होती. कशाला तोंड लावलं, असं त्यांनी विचारलं. बाईनं बांधापलीकडे बोट दाखवलं. तिथं कुणीतरी कांद्यावर मारायचं फवारणीचं औषध एका कापलेल्या पिंपात कालवून ठेवलं होतं आणि बैलानं गाडीतून सुटल्या सुटल्या, तहानलेला, त्यात तोंड घातलं होतं. मेहुण्यांनी पिंपाचा वास घेतला. मग सगळ्यांना मागं सारलं, त्या बाईला साबणानं हात धुवायला लावले, बैलाचं तोंड आणि अंग बादल्यांनी पाणी ओतून धुवून काढलं. आणि एवढं झाल्यावर त्यांनी खिशातून पट्टी काढली.

बाई बघतच राहिली. रागानं नाही, थकलेल्या आवाजात ती म्हणाली, "डाक्टर, त्याला अंगडं शिवायचंय का?"

 आडव्या पडलेल्या बैलाच्या छातीखालून पट्टी सरकवायला आम्हा तिघांना जोर लावावा लागला. "तीनशे ऐंशी," ते म्हणाले आणि पेटी उघडली. या विषावर उतारा असतो, अ‍ॅट्रोपिन नावाचा. त्यांच्या पेटीत होतं ते पहिल्या पाच मिनिटांत संपलं. बाकीचं औषधांच्या दुकानात मिळतं, पण माणसांसाठी बनवलेलं, करंगळीच्या पेराएवढ्या काचेच्या अँप्युलमध्ये. मेहुण्यांनी चिठ्ठी लिहून माझ्या हातात दिली. मी आकडा वाचला आणि मला वाटलं, शून्य चुकून जास्त पडलंय. गणिताचा माणूस, विचारून घेतलं. ते म्हणाले, "माणूस साठचा, ह्यो तीनशे ऐंशीचा. आणि विष बी त्याच मापानं प्यालाय. पळा."

मी तीन दुकानं केली. पहिल्या दुकानदारानं चिठ्ठी दोनदा वाचली आणि एवढं कुणाला, असं विचारलं. बैलाला म्हटल्यावर त्यानं सगळे बॉक्स काढून दिले आणि पुढच्या दुकानाला फोनही केला. परत आलो तर कोपीसमोर निम्मं रान गोळा झालं होतं. मेहुण्यांनी कुणालाही नुसतं बघत उभं राहू दिलं नाही. गोणपाटावर बसवलं आणि प्रत्येकाच्या पुढ्यात एक बॉक्स ठेवला. अँप्युलची मान मोडायची, पुढे करायची, दुसरी घ्यायची. ऊस तोडणारे हात ते, कोयत्याची सवय असलेले. त्यांच्या बोटांत त्या इवल्या काचा म्हणजे हत्तीनं सुईत दोरा ओवावा तसं दिसत होतं. टक, टक, टक, असा आवाज सारखा चालला होता. गाड्या का आल्या नाहीत म्हणून शिव्या देत टोळीचा मुकादम आला, तर मेहुण्यांनी वर न बघता त्याच्याही हातात बॉक्स दिला. तो मुकाट्यानं मांडी घालून बसला. कारखान्याच्या काट्यावरचा तो क्लार्क, सुट्टी झाल्यावर सायकलवरून घरी चालला होता, तो उतरला आणि काही न विचारता ओळीत बसला. माझं बोट दोनदा कापलं. मेहुणे सिरिंज भरत होते, थोडं शिरेत, थोडं कातडीखाली देत होते, पुन्हा भरत होते.

पुस्तकातला डोस पूर्ण झाला तेव्हा ऊन डोक्यावरून कललं होतं. लाळ कमी झाली. बैलानं मान उचलली. सगळ्यांनी सुस्कारा सोडला, मुकादम उठायला लागला. आणि अर्ध्या तासात पुन्हा तोंडातून तारा लोंबायला लागल्या.

मेहुणे उभे राहिले. रिकामी सिरिंज त्यांनी हातात तशीच धरली होती. मी त्यांना बैलांखाली, म्हशींखाली, लाथा मारणाऱ्या घोड्याच्या मागं बघितलं होतं, पण आकड्याविना थांबलेलं तोवर कधी बघितलं नव्हतं. मी हळूच विचारलं की आता काय, डोस तर झाला. ते माझ्याजवळ आले आणि कुणाला ऐकू जाणार नाही अशा आवाजात बोलले.

"वजन संपलं, दाजी. विष किती प्याला ते कुणाला ठावं? आता तोंड कोरडं हुईस्तोवर द्यायचं. आणि कोरडं झालं की थेंब न्हाई. पुढं गेलो तर पोट बंद पडतं त्याचं, फुगून मरतो. मग विषानं मारला का मी मारला, सांगता यायचं न्हाई."

मग त्यांनी एक गोष्ट केली जी एरवी त्यांनी कधी केली नसती. मालकाच्या अंदाजावर त्यांनी उभ्या आयुष्यात विश्वास ठेवला नव्हता. ते त्या बाईसमोर उकिडवे बसले, तिच्या हातात रबरी मोजा चढवला आणि म्हणाले, "रोज त्याला घास तुमी भरवता. बोट हिरडीवरनं फिरवायचं. घसरलं तर घसरतंय म्हना, अडलं तर अडतंय म्हना. दुसरं कायबी बोलू नका."

बाईनं बैलाच्या तोंडात हात घातला. "घसरतंय," ती म्हणाली. मेहुण्यांनी सुई लावली. थोडा वेळ थांबले. "घसरतंय." पुन्हा सुई. आम्ही टक टक मोडत होतो आणि मधून मधून तो एकच शब्द ऐकत होतो. नवरा यात कुठंच नव्हता. तो लांब, दुसऱ्या बैलाच्या पाठीवर हात ठेवून उभा होता. त्या बैलानं सकाळपासून वैरणीला तोंड लावलं नव्हतं, आणि नवऱ्यानंही भाकरीला.

किती वेळा झालं ते मी मोजलं नाही, मोजणं माझा धंदा असून. सूर्य उसाच्या शेंड्यांना टेकला तेव्हा बाई बोट फिरवता फिरवता थांबली. परत फिरवलं. "अडाया लागलंय," ती म्हणाली, आणि मग आणखी एकदा, "अडतंय, डाक्टर."

मेहुण्यांनी बैलाच्या अंगाला टेकवलेली सुई तशीच मागं घेतली. सिरिंज अर्धी भरलेली होती. मुकादम म्हणाला, एवढी माणसं दिवसभर राबली, आता भरलेलं कशाला वाया घालवता, जाऊ द्या आत. मेहुण्यांनी त्याच्याकडे बघितलं आणि सिरिंज मातीत रिकामी केली.

मी दिवस मावळताना घरी आलो. ते आले नाहीत. सकाळी शाळेच्या आधी थर्मासमध्ये चहा घेऊन मी कोप्यांकडे गेलो. मेहुणे पाचटावर गुडघे टेकून बसले होते आणि बैलाच्या डाव्या कुशीला नळी लावून ऐकत होते. बैलाचे डोळे मोठे झाले होते, बाहुल्या फाकलेल्या, उजेडानं तो डोकं फिरवत होता. पण लाळ नव्हती, थरथर नव्हती. पोट मात्र मुकं होतं. "माझंच औषध बसलंय पोटावर," मेहुणे पुटपुटले. "रातभर एक आवाज न्हाई." त्यांच्या दाढीत पाचटाचे कण अडकले होते. शाळेची घंटा लांबून ऐकू आली. मी गेलो नाही.

थोड्या वेळानं त्यांनी एक बोट वर केलं.  त्यांनी नळी कानातून काढून माझ्या कानात घातली. आत फार खोल, विहिरीत दरड ढासळावी तसा एक गडगडाट झाला आणि थांबला. मग परत झाला. ऊन कोपीवर आलं तेव्हा बैलाच्या गळ्यातून एक गाठ वर सरकत गेली, जबडा हलला, आणि तो रवंथ करायला लागला.  नवरा तिथंच खाली बसला आणि त्यानं तोंडावर टॉवेल घेतला.

बाई चुलीपाशी गेली. बाजरीची भाकरी आणि तव्यावरचा ठेचा घेऊन आली आणि मेहुण्यांच्या पुढे धरला. मेहुणे कुणाच्या घरचं काही घेत नसत. ते नको म्हणायला लागले.

"खावा," ती म्हणाली. "कालपासनं तुमचंबी तोंड कोरडंच हाय."

मेहुण्यांनी भाकरी घेतली. दोन घास खाल्ले आणि तिसरा हातातच राहिला. ते बैलाकडे बघत होते, आणि त्यांचे ओठ हलत नव्हते.

हंगाम संपला, ती माणसं गाड्या जुंपून आपल्या गावाकडे गेली. त्याच उन्हाळ्यात मेहुण्यांची बदली झाली, नगर जिल्ह्यातल्याच अकोले तालुक्याच्या डोंगरात, जिथं गायी बुटक्या आणि मोबाईलला रेंज नाही. लोखंडी पेटी टेम्पोत चढवताना ते मला म्हणाले होते की तिकडं जनावरं लहान, डोस लहान, काम हलकं. पण चेहरा तसं सांगत नव्हता.

पुढच्या हंगामात एका सकाळी आमच्या गल्लीत घुंगरं वाजली आणि एक रिकामी बैलगाडी थेट आमच्या दारात येऊन थांबली. तीच दोघं. बाई खाली उतरली. डॉक्टर हायेत का, असं तिनं विचारलं. मी बदलीचं सांगितलं. तिनं आमच्या दाराकडे, मग रस्त्याकडे बघितलं. अकोले किती लांब, म्हणाली. मी मेहुण्यांना फोन लावला, तीन वेळा लावला, लागला नाही. त्याच विष प्यालेल्या बैलाच्या शिंगांना नवी हिंगुळी रंगाची पट्टी होती. बायकोनं त्याला पोळी खायला दिली. "येऊन गेलो म्हून सांगा," असं सांगून बाई गाडीत चढली, आणि गाडी कालव्याच्या दिशेनं वळली.

संध्याकाळी कुठल्याशा टेकडीवर चढून मेहुण्यांनी फोन केला. मी सगळं सांगितलं.  

"ती काय म्हनाली?" त्यांनी विचारलं.

मी सांगितलं, येऊन गेलो म्हणून सांगा, असं म्हणाली.

"आनि?"

आणखी काही नाही, मी म्हटलं.  वाऱ्याचा आवाज येत होता.

"दाजी, लई भरभर सांगता तुमी," ते म्हणाले. "मला इथं काय घाई न्हाई. पयल्यापासनं सांगा."

मी गणिताचा माणूस, मला रंगवून सांगता येत नाही. तरी ओट्यावर नीट बसलो, पाठ भिंतीला टेकवली आणि सांगायला लागलो की सकाळची वेळ होती, मी दाढी करत होतो, आणि गल्लीच्या तोंडाशी आधी नुसती घुंगरं ऐकू आली.